टांझानियात मिशनच्या शाळेत वर्षभर व्हॉलंटियर, रोजचं आयुष्य नक्की कसं असतं?

शरणपूर_रोड
सलाम सगळ्यांना. मी नाशिकचा, वय २६, बीएस्सी मॅथ्स आणि बीएड झालंय, सध्या क्लासेसमध्ये शिकवतो. आमच्या चर्चच्या ओळखीतून टांझानियात डोडोमाच्या बाजूला एका खेड्यातल्या मिशनच्या सेकंडरी शाळेत वर्षभर जायचं जवळजवळ ठरलंय. अँग्लिकन मंडळी आहे, आपल्या सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) नात्यातलीच. पगार नाही, खोली आणि जेवण त्यांचं, तिकीट अर्धं चर्च अर्धं मी.

पत्रात "शिकवणे, तरुण संघ आणि गरजेप्रमाणे इतर सेवा" एवढंच लिहिलंय. हे गरजेप्रमाणे इतर म्हणजे काय ते कोणी सांगेल का? यूट्यूबवर बघितलं तर एक तर गोरे लोक मुलांना कडेवर घेऊन फोटो काढतायत नाहीतर सिंह आणि जिराफ, मधलं काही सापडतच नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय चालतं, पाणी लाईट जेवण, रविवारची उपासना, लोक आपल्याशी कसं वागतात. आणि प्रचार करायला लावतात का, कारण मला गणित शिकवता येतं, संदेश देता येत नाही. आईला मलेरियाचं टेन्शन, बाबांचं म्हणणं लोक पैसे मागून हैराण करतील. पाळकसाहेब म्हणतात प्रभू बघेल. ते बरोबरच आहे पण मला जरा डिटेल पण हवेत.

उगाली_आणि_ठेचा
सलाम भाऊ. मी नगरचा, डोडोमापासून पुढं कोंगव्याच्या बाजूला मिशन कंपाउंडातच राहून आलोय, तुमच्यासारखंच शाळेत. मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी घड्याळ. तिथं स्वाहिलीत वेळ आपल्या वेळेपेक्षा सहा तास सरकलेली असते, दिवस सूर्य उगवल्यावर चालू होतो म्हणून सकाळच्या सातला ते "एक वाजला" म्हणतात. कोणी "तीन वाजता मीटिंग" म्हणालं तर सकाळी नऊला हजर राहायचं. इंग्रजीत बोलतानापण बऱ्याच जणांच्या डोक्यात तेच घड्याळ असतं तेव्हा विचारून घ्या. अर्थात मीटिंग नऊलाही सुरू होत नाही तो भाग वेगळा.

उजाडायच्या आधीच सगळीकडून अंगण झाडल्याचा खराटा ऐकू येतो. पाणी हा तिथला सगळ्यात मोठा विषय, तो भाग कोरडा आहे, आपल्या पाथर्डी-जामखेडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल, बाकी लाल धुरळा. नळ म्हणजे गावात एखाद्या ठिकाणी, तिथून पिवळ्या वीस लिटरच्या कॅनमधून पाणी येतं, बायका डोक्यावर आणतात, काही ठिकाणी गाढवावर. तुम्हाला बहुतेक कोणीतरी आणून देईल आणि त्याचे पैसे द्यायचे असतात, ते आधीच ठरवा. अंघोळ बादलीतली अर्धीच. लाईट असेल तर प्रीपेड मीटर, मोबाईलवरून पैसे भरायचे आणि आलेला लांबलचक नंबर मीटरवर दाबायचा, संपले की अंधार. स्वेटर न्या हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, डोडोमा हजार-अकराशे मीटर उंचीवर आहे, जून-जुलैत रात्री वारा सुटतो आणि लई थंडी वाजते.

जेवण. उगाली म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ घालून घाटून केलेला घट्ट गोळा. बाकी देशात मक्याचा पण गोगो लोकांच्या या भागात ज्वारी-बाजरीचापण करतात, वास आला की घरची आठवण येते. त्याच्याबरोबर म्लेंदा, रानातल्या पाल्याची बुळबुळीत भाजी, भेंडी न परतता शिजवली तर जशी होईल तशी. पहिला आठवडा घशाखाली उतरत नाही, नंतर सवय होते. बाकी राजमा, चवळईसारखा पाला, सकाळी ऊजी म्हणजे पातळ लापशी. तिखट नाही. चपाती सणासुदीला आणि पाहुण्याला, त्यामुळे आपण रोज चपाती खातो म्हटल्यावर त्यांना आपण फार श्रीमंत वाटतो. पाहुणा म्हणून कोंबडी कापली तर तिची पथरी (गिझर्ड) तुमच्या पानात येणार, ती मानाची असते, नाही म्हणायचं नाही.

शाळेत वर्गात साठ-सत्तर पोरं असू शकतात. प्रायमरी पूर्ण स्वाहिलीत आणि सेकंडरीला एकदम सगळं इंग्रजीत, त्यामुळे फॉर्म वनच्या, म्हणजे सेकंडरीच्या पहिल्या वर्गातल्या पोराला गणित येत असतं पण प्रश्न वाचता येत नाही. पहिले सहा महिने तुम्ही गणित नाही, गणिताचं इंग्रजी शिकवणार. "गरजेप्रमाणे इतर" म्हणजे प्रिंटर चालू करणे, बिशप ऑफिसला जायचं पत्र टाईप करणे, फीचं रजिस्टर एक्सेलमध्ये घालणे, क्वायरचा कीबोर्ड आणि अँप्लिफायर दुरुस्त करून आणणे, आणि बसणे. बसणे हे काम आहे. कोणाकडे गेलं की खुर्ची देतात, आधी तुमची तब्येत, घरचे, काम, प्रवास सगळं विचारून होतं, मग कामाचा विषय. मोठ्या माणसाला "शिकामो" म्हणायचं, तो "माराहाबा" म्हणतो. हे चुकवून सरळ कामाचं बोललात तर माणूस काम करून देईल पण तुम्हाला उद्धट समजेल.

कोणी वारलं की शाळा, मीटिंग, बांधकाम सगळं थांबतं. घरासमोर पुरुष बाहेर बसतात, बायका आत चटईवर, आणि हे काही दिवस चालतं. तिथं जाऊन नुसतं बसायचं, भाषा येत नसली तरी. माझ्या मते वर्षभरात तुम्ही किती चॅप्टर शिकवले हे कोणी लक्षात ठेवणार नाही, मयतीला आला होतात का हे ठेवतील.

आता पैसे. वडील बरोबर बोलतायत, मागतात. पण एकटं तुम्हालाच मागतात असं नाही, सगळे सगळ्यांना मागतात. लग्नाची कमिटी बसते आणि वर्गणीचं कार्ड देते, मयतीला वहीत नाव आणि रक्कम लिहितात, आजारी माणसाला हॉस्पिटलला न्यायला बसभाडं जमवतात, याला मिचांगो म्हणतात आणि याच्यावर तिथला अर्धा समाज चालतो. तुमचा शेजारी मास्तरपण पगारातून हे सगळं देत असतो. तेव्हा एक, शेजारच्या मास्तरला विचारा तू किती देतोस आणि तेवढेच द्या, दुप्पट दिलेत तर पुढच्या वेळी त्याची लाज काढल्यासारखं होतं. दोन, फी, युनिफॉर्म, ऑपरेशन अशा मोठ्या गोष्टींसाठी दर महिन्याला जमेल ती ठराविक रक्कम चर्चच्या कमिटीकडे द्या आणि त्यांना ठरवू द्या, कोण खरंच अडचणीत आहे हे त्यांना माहीत असतं. तीन, तोंडावर "नाही" म्हणायची पद्धत नाही, "बघतो, थोडं थांबा" म्हणायचं, समोरच्याला कळतं. उसने दिलेत तर मनातून दिलेच समजा. आणि हेपण लिहितो की कोणाच्याही घरून मी रिकाम्या हातानं बाहेर पडलेलो नाही, शेंगा, अंडी, एकदा जिवंत कोंबडा बोडाबोडावर (भाड्याची मोटरसायकल) मांडीत धरून आणलाय, ज्यांच्याकडे जानेवारीत धान्य संपलेलं असतं अशा घरांतून.

नगरला आमच्या पणजीनं मिशन कंपाउंड खालच्या बाजूनं बघितलेलं. मडमेच्या बंगल्याच्या पायरीपर्यंत जायचं, आत नाही. १८३१ पासून नगरला मिशन आहे, आमच्याकडे या गोष्टी घरात सांगतात, मडम चांगली होती हे सांगतात आणि पायरी पण सांगतात. तिथं तुमची खोली बहुतेक जुन्या मिशनरी बंगल्यात असेल. दार उघडं ठेवा आणि पोरांना आत येऊ द्या एवढंच सांगतो.

दारचा_हिशेबनीस
मी ख्रिश्चन नाही, दार एस सलाममध्ये बरीच वर्षं नोकरीला आहे, त्यामुळे बाहेरच्याचं मत समजा. वरचं सगळं छान लिहिलंय पण एक विचारतो, राग मानू नका. टांझानियात बीएड झालेली हजारो पोरं सरकारी पोस्टिंगची वाट बघत घरी बसलीत. तिथे नाशिकहून फुकट शिकवायला माणूस आणला की शाळेला एक पगार वाचतो, म्हणजे एका लोकल पोराची जागा गेली ना? सेवा कोणाची झाली नक्की?

दुसरं म्हणजे बाहेरून येऊन भलं करणाऱ्यांचा इतिहास तुमच्या त्या कोंगव्यालाच आहे. १९४७ ला ब्रिटिशांनी तिथे शेंगदाण्याची प्रचंड स्कीम काढली, युद्धातले उरलेले ट्रॅक्टर आणले, जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि पावसाचा भरवसा नाही हे तिथल्या कुठल्याही गोगो म्हातारीने सांगितलं असतं, पण विचारलं कोणी? १९५१ ला गुंडाळली, कोट्यवधी पौंड पाण्यात.

आणि परमिट. टुरिस्ट व्हिसावर जाऊन "व्हॉलंटियरिंग" करू नका, ते बेकायदेशीर आहे, चर्चचं काम असलं तरी. मिशनरी आणि व्हॉलंटियर लोकांना रेसिडेन्स परमिट क्लास सी लागतं आणि ते बोलावणाऱ्या संस्थेने अर्ज करून काढायचं असतं. त्यांना आत्ताच विचारा काढलंय का, "आल्यावर बघू" असं उत्तर आलं तर तिकीट काढू नका.

शरणपूर_रोड
परमिटचं माहीतच नव्हतं, आजच मेल टाकतो, थँक्यू. जागा घेण्याचा मुद्दा डोक्यात राहिला. मी त्यांना विचारू शकतो का की गणिताला लोकल टीचर आहे का? उद्धट वाटेल का?

उगाली_आणि_ठेचा
विचारा, अजिबात उद्धट नाही. हिशेबनीस दादांचा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. गणित-फिजिक्सला खेड्यात टिकणारे शिक्षक कमी पडतात, आर्ट्सच्या विषयांना भरपूर असतात, त्यामुळे तुम्ही इतिहास शिकवायला निघाला असता तर मीच नको म्हटलं असतं. तरी एक अट घाला, की एखादा तरुण लोकल शिक्षक तुमच्याबरोबर वर्गात असेल आणि तुम्ही गेल्यावर तोच पुढं चालवेल. शाळेला हे नको असेल तर त्यांना शिक्षक नाही, पाहुणा हवाय असं समजायचं.

प्रचाराचं राहिलं. त्या भागात तीन-चार पिढ्यांपासून लोक ख्रिस्ती आहेत, सेंट्रल टांगानिकाची डायोसीजच (बिशपचा धर्मप्रांत) १९२७ ची. गावोगाव त्यांचे इव्हँजेलिस्ट आहेत, सायकलवर फिरतात, बायबल तोंडपाठ. त्यांना तुमच्या संदेशाची गरज नाही. पण रविवारी पाहुण्याला उभं करतात, "ब्वाना असिफिवे" (प्रभूची स्तुती असो) म्हणायचं, सगळे "आमेन" म्हणतात, मग नाव, गाव, घरच्यांचा सलाम सांगायचा आणि बसायचं. एवढं पाठ करून जा. उपासना तीन तास, तीन-चार क्वायर, प्रत्येकाचा वेगळा युनिफॉर्म आणि वेगळा डान्स, गोगो बायका ढोल वाजवायला लागल्या की आपली भजनं पेटी-तबल्यावर किती सभ्यपणे चालतात ते कळतं. ज्याच्याकडे रोख पैसे नाहीत तो अर्पणात अंडी, मका, कोंबडी आणतो आणि उपासना संपल्यावर बाहेर त्याचा लिलाव होतो. फार मजा येते, लोक मुद्दाम बोली चढवतात आणि घेतलेली वस्तू पाळकाला नाहीतर पाहुण्याला देऊन टाकतात.

अजून एक, तुम्हाला बघून लोक आधी दुकानदार समजतील. तिथं इंडियन म्हणजे शहरातला व्यापारी, त्यात हिंदू नाहीतर मुसलमान. चर्चमध्ये शेजारी बसलेला आणि स्तोत्रसंहिता उघडणारा इंडियन ही बऱ्याच जणांना नवीन गोष्ट असते. पोरं रस्त्यात "म्झुंगू" ओरडतील, म्हणजे तुम्ही गोरेपण झालात.

मिरजेची_नर्स
आईंना सांगण्यासाठी लिहितेय. मी टांझानियातच पण व्हिक्टोरिया लेकच्या पलीकडे बुकोबाच्या बाजूला एका मिशन हॉस्पिटलात होते. मलेरिया आमच्याकडे भरपूर, डोडोमाचा कोरडा भाग त्या मानाने खूप कमी, तरी शून्य नाही. मच्छरदाणी खाटेखाली खोचून रोज, वाऱ्याच्या रात्रीपण. प्रतिबंधक गोळी कुठली घ्यायची ते जाण्याआधी इथल्या डॉक्टरांना विचारा, मनाने काही घेऊ नका, आणि वर्षभर घ्यायचीय हेपण त्यांना सांगा. ताप आला की "प्रवासाचा शीण असेल" म्हणत बसायचं नाही, त्याच दिवशी टेस्ट, बोटातून रक्त घेतात आणि पंधरा-वीस मिनिटांत रिझल्ट, छोट्या दवाखान्यातपण होते. औषधाचा कोर्स तीन दिवसांचा, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. परत आल्यावरपण काही महिने ताप आला तर डॉक्टरांना "आफ्रिकेत होतो" हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

यलो फिव्हरची लस ठराविक सरकारी सेंटरवरच मिळते, आधी अपॉइंटमेंट बघा आणि निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा, नैरोबी किंवा अदिस अबाबावरून परत येत असाल तर मुंबईत विचारतात. टिटॅनस, हिपॅटायटिस, टायफॉइड बघून घ्या. तळ्यात, बंधाऱ्यात पोहायचं नाही, गोगलगाईतून येणारा बिल्हार्झिया होतो. कुत्रा चावला तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच शहर गाठायचं, लस खेड्यात मिळेलच असं नाही. आणि बोडाबोडावर हेल्मेटशिवाय बसू नका, मी तिथे सापाचे पेशंट बोटावर मोजण्याएवढे बघितले, मोटरसायकलवरून पडलेले रोज.

कोंगव्याचं नाव वाचून आठवलं, खुपऱ्या, ट्रकोमा म्हणतात तो, डोळ्यांचा आजार, त्या भागात इतका होता की १९८० च्या दशकापासून तिथे संशोधन चाललंय. पाणी कमी, पोरांचे चेहरे धुतले जात नाहीत, माश्या बसतात आणि म्हातारपणी पापणी आत वळून बुबुळाला घासते. तुम्ही मास्तर आहात म्हणून सांगते, शाळेच्या दारात एक कॅन, त्याला भोक आणि बुचासारखी काडी, येताना सगळ्यांनी तोंड धुवायचं. कॅनभर पाण्यात खूप पोरं होतात.

एकटेपणाबद्दल कोणी लिहिलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतो. नवलाई संपलेली असते आणि भाषा अजून आलेली नसते, सगळे हसतात तेव्हा आपल्याला कळत नाही कशाला. मी संध्याकाळी नर्सेस क्वार्टरच्या मागे कोळशाच्या शेगडीपाशी जाऊन बसायचे, त्या भाजी निवडायच्या, मीपण निवडायचे. स्वाहिली तिथेच शिकले. घरी रोज व्हिडिओ कॉल करू नका, आठवड्यातून एकदा ठरवा, रोज बोललं की माणूस तिथे पोचतच नाही. आईंना हे आवडणार नाही माहितेय.

जुनी_कागदपत्रं
नाशिक आणि शरणपूर रोड वाचून राहवलं नाही. तुम्ही पहिले नाही जात आहात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला आफ्रिकन मुलांसाठी आश्रम काढला होता, अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली पूर्व आफ्रिकेची पोरं तिथे राहायची, सुतारकाम, लोहारकाम शिकायची. इंग्रजी कागदांत त्यांना "नासिक बॉईज" म्हणतात. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डॉक्टर लिव्हिंग्स्टन १८७३ ला आजच्या झांबियात वारला तेव्हा त्याचं शव मिठात वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून हजारेक मैल किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत ही शरणपूरची मुलं होती. त्यातला जेकब वेनराईट शवाबरोबर लंडनपर्यंत गेला आणि १८७४ ला वेस्टमिन्स्टर अॅबीत अंत्ययात्रेत होता. पुढे शरणपूरचे बरेच जण मोंबासाजवळ फ्रीअरटाऊनला जाऊन वसले आणि तिथली शाळा, चर्च त्यांच्यातल्या लोकांनी चालवली. ती शवयात्रा टबोरावरून किनाऱ्यावरच्या बागामोयोला गेली, म्हणजे तुम्ही राहणार त्या मुलखातूनच.

चर्चमध्ये उभं राहून ओळख करून द्यायची आहे ना, मग हे सांगा. नाशिकहून इकडे आधी कोण आलं होतं ते.

शरणपूर_रोड
हे खरंच माहीत नव्हतं, मी त्या रस्त्याने रोज जातो. सगळ्यांचे खूप आभार. मेलला उत्तर आलंय, परमिटचा अर्ज केलाय म्हणतात, कॉपी मागितलीय. लोकल टीचर आहे पण तो गणित आणि केमिस्ट्री दोन्ही बघतो.

शेवटचा प्रश्न, हा जरा अवघड आहे. एका व्हिडिओत बघितलं की तिकडे शिक्षकाच्या हातात छडी असते आणि मारतात, मुलींनापण. मला नाही जमणार ते. पाहुणा म्हणून गेलोय तर बोलायचं का गप्प बसायचं?

उगाली_आणि_ठेचा
असते, फिंबो म्हणतात. नियमाप्रमाणे हेडमास्तर किंवा त्यांनी नेमलेल्या शिक्षकानंच मारायचं, जास्तीत जास्त चार, आणि रजिस्टरला नोंद करायची. नियम आणि वर्ग यांच्यात अंतर असतं, आपल्याकडे होतं तसंच. स्टाफरूममध्ये पहिल्या महिन्यात भाषण देऊ नका, ते बाहेरचा आला आणि शिकवायला लागला असं होतं. पण हेडमास्तरांना एकटं गाठून पहिल्याच आठवड्यात सांगा की मी छडी वापरणार नाही आणि माझ्या तासाच्या तक्रारीवरून दुसऱ्या कोणी मारलेलंपण मला चालणार नाही. दुसरा भाग महत्त्वाचा आहे, नाहीतर पोरगं गृहपाठ न करता आलं की तुम्ही नाव सांगणार आणि शेजारचा मास्तर मैत्रीखातर काम करणार. पोरं पहिले दोन-तीन आठवडे तुमची परीक्षा बघतील, वर्ग डोक्यावर घेतील. सगळ्या वह्या स्वतः तपासा, सत्तर असल्या तरी, आणि प्रत्येकाला नावानं हाक मारा. नावं पाठ करायला वेळ लागतो, जायच्या आधी शाळेकडून फॉर्म वनची यादी मागवून घ्या.